नववी आक्का

आमच्याकडच्या रसायनशास्त्र विभागात भर दुपारी कुणी नांदवडेकर सरांची चौकशी केली, तर शिपाई मान वर न करता सांगतो, "सर घोंगड्यात हायत. अर्ध्या तासानं या."

नव्या माणसाला वाटतं, सर तापानं आजारी असतील. तो हळहळत आत डोकावतो. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक काळं धनगरी घोंगडं उभं असतं. त्याच्याखाली कॅनव्हासचे दोन बूट दिसतात आणि आतून मधूनच आवाज येतो, "लागली... लागली... न्हाय, गेली."

त्याचं असं आहे. सरांना काचेच्या बारीक नळीतला उजेड बघायचा असतो. हा उजेड इतका मंद, की त्याला अंधार लागतो. विभागाला एक अंधारखोली आहे, पण ती मी नोकरीला लागायच्या आधीपासून मोडक्या खुर्च्यांनी भरलेली आहे. खुर्च्या बाहेर काढायचा अर्ज सरांनी दिला होता. तो अर्जही बहुधा कुठल्यातरी खुर्चीखालीच असावा. मग सर एकदा सुट्टीला नेसरीला गेले आणि येताना घोंगडं घेऊन आले. "अंधार गावासनं आणलाय," म्हणाले, "अर्ज लागत न्हाय."

एका वर्षी बाहेरगावची तपासणी समिती आली. सगळ्या विभागांत रांगोळ्या, फुलं, नवे टेबलक्लॉथ. सर नेहमीप्रमाणे घोंगड्यात. समितीचे अध्यक्ष सूटबूट घातलेले, वयस्कर गृहस्थ. ते दारात आले तसा घोंगड्यातून प्रश्न आला, "कोन हाय?" विभागप्रमुखांचा चेहरा पांढराफटक पडला. सर बाहेर आले, त्यांनी अध्यक्षांकडे एकदा बघितलं आणि घोंगडं त्यांच्याच डोक्यावर घातलं. "बगा पावणं. डोळं फुडं. घाई न्हाय." पाच मिनिटांनी अध्यक्ष बाहेर आले. केस विस्कटलेले, कोटावर लोकरीची कुसं. त्यांनी बाकीच्या सदस्यांना सांगितलं, "एकेक जण जाऊन या." त्या दिवशी आमच्या वनस्पतिशास्त्र विभागाची तपासणी झालीच नाही. सगळी समिती घोंगड्याच्या रांगेत उभी होती.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. माझी आणि सरांची प्रयोगशाळा यांच्यात एक भिंत आहे आणि भिंतीत कधीच न लागणारं एक दार आहे. त्या दारातून गेली चौदा वर्षं सर काहीतरी मागायला येतात. बर्फ, चिमटा, पेशी वाढवायच्या उबदार पेटीतला एक कप्पा. आमची पहिली ओळख पालकाच्या पानावरून झाली. मी पानं स्पिरिटमध्ये कुटून ठेवली होती. सर बर्फ मागायला आले, शर्टाच्या खिशातली जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी त्यांनी सवयीनं त्या हिरव्या पाण्यावर मारली आणि ते पाणी लालभडक झालं. पालक असा लाल दिसतो हे मी दरवर्षी मुलांना शिकवते. सर मात्र अर्धा तास तिथंच उभे राहिले. बर्फ वितळून गेला. जाताना म्हणाले, "म्याडम, आमी सा महिनं मरतोय तवा एक दिवा लागतोय. तुमचं पान फुकटात लागतंय."

ती बॅटरी हे सरांचं दुसरं प्रकरण. ती घेऊन ते कुठंही जातात. माझ्या पुतणीच्या हळदीला त्यांनी नवरीच्या हातावर ती मारली. हळद पिवळीधमक चमकली आणि बायका खूश झाल्या. मग नवऱ्या मुलाच्या पांढऱ्या शर्टावर मारली. तो निळा पेटला. "धुन्याची पावडर चांगली वापरताय," असं त्यांनी मुलाच्या वडिलांना गंभीरपणे सांगितलं. व्याही अजून विचारतात, ते पोलिसांपैकी होते का.

तर सर नेमकं करतात काय, ते सांगायला हवं. मला ते त्यांनी पहिल्याच वर्षी सांगितलं, आणि रसायनशास्त्राचा एकही शब्द न वापरता सांगितलं.

"ही पेशी. हे म्हंजी घर. घरात जस्त असतंय, तांबं असतंय, लोखंड असतंय. थोडं थोडं, पर लागतंयच. जास्ती झालं तर माणूस आजारी, कमी झालं तरीबी आजारी. आता कुठल्या खोलीत किती हाय ते बगायचं, पर घर न मोडता. पेशी जित्ती पायजे. मग काय करायचं? आत एक आक्का सोडायची."

आक्का म्हणजे सरांनी बनवलेला रेणू. नेसरीत त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारी आक्का बसायची म्हणे. गावात पावणा आला, की तो कुणाकडचा, पिशवीत काय घेऊन आलाय, हे ती बसल्या जागेवरून सगळ्या गल्लीला ऐकवायची. सरांचा रेणू तेच करतो. एरवी गप्प असतो. जस्त येऊन चिकटलं, की चमकतो.

पण प्रत्येक आक्केचा स्वभाव वेगळा. पहिली कुणालाच ओळखेना. चौथी जस्त ओळखायची, पण कॅडमियम आलं तरी त्याला जस्त समजून चहापाणी विचारायची. सहावीच्या समोर तांबं आलं, की तिचं तोंडच मिटायचं. सर या सगळ्यांबद्दल घरातल्या माणसांसारखं बोलायचे. शोधनिबंधात अर्थातच त्यांना आकड्यांची आणि अक्षरांची नावं होती. विभागात मात्र सगळे आक्काच म्हणायचे.

नववी आक्का सगळ्यांत गुणी. तिच्यावर सरांनी बारा वर्षांपूर्वी एक निबंध छापला. परदेशी नियतकालिकात आला, सर त्यावर प्राध्यापक झाले. त्यातला मुख्य फोटो, काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या ठिपक्यांनी चमकणाऱ्या पेशी, त्यांनी कॅलेंडरएवढा मोठा करून बेसिनच्या वर लावला होता. येणारा प्रत्येक माणूस हात धुताना तो बघायचा.

स्वतः सर मात्र कुणाच्याच बोलण्यावर पटकन विश्वास ठेवत नाहीत. "दिसलं म्हंजी हाय, असं न्हाय," हे त्यांचं आवडतं वाक्य. विभागप्रमुखांनी एकदा सांगितलं, की काढा प्यालो आणि चार दिवसांत सर्दी गेली. सरांनी विचारलं, "आनि न पिता किती दिवसांत गेली असती?" विभागप्रमुखांनी त्यानंतर आपली तब्येत त्यांना कधी सांगितली नाही.

सरांचं लग्न झालेलं नाही. का नाही, असं मी एकदाच विचारलं. "ऱ्हायलं," म्हणाले. राजारामपुरीत दोन खोल्यांत राहतात, रविवारीही पेशींना खाऊ घालायला येतात. पेशींचं पाणी दर दोन दिवसांनी बदलावं लागतं. त्यामुळं सर कुणाच्याच लग्नकार्याला मुक्कामाला थांबत नाहीत. "घरात उपाशी हायत," एवढं सांगून उठतात. यजमानांना वाटतं, घरी म्हातारे आईवडील असतील.

चार वर्षांपूर्वी त्यांच्याकडे संपदा आली. गारगोटीजवळच्या एका गावची, वडिलांची पिठाची गिरणी. मुलगी इतकी कमी बोलायची, की पहिले दोन महिने शिपायाला तिचं नाव माहीत नव्हतं. सरांनी तिला पहिलं वर्षभर काचसामान धुवायला लावलं. साध्या पाण्यातसुद्धा धातूंचे अंश असतात, म्हणून प्रत्येक नळी पाच वेळा शुद्ध पाण्यानं धुवायची. चार वेळा धुतली तर सरांना कसं कोण जाणे कळायचं. संपदा पाच वेळा धुवायची आणि वहीत पाच खुणा करायची.

मग तिला त्यांनी नववी आक्का दिली. काम सोपं होतं. जुन्या निबंधातलं सगळं एकदा करून बघायचं आणि मग नव्या पेशींवर पुढं जायचं. संपदा करून बघत राहिली. एक महिना गेला, तीन गेले. पुढं काही जाईना.

एका दुपारी ती भिंतीतल्या दारातून माझ्याकडे आली आणि स्टुलावर बसली. तिच्या हातात वही होती.

"म्याडम, नववी आक्का जस्त बघत न्हाय."

"म्हणजे?"

"नळीत बघती. पेशीत न्हाय. मी पेशीतलं जस्त काढून घेणारं औषध घातलं. उजेड जायला पायजे होता. गेला न्हाय. मग मी पेशीतला आंबटपणा कमी केला. तवा गेला." ती थांबली. "पेशीत काही आंबट खोल्या असतात. आक्का तिथं जाऊन बसती आणि आंबटानं चमकती. जस्त असो नसो. बेसिनवरच्या फोटोत जे हिरवं दिसतंय ते जस्त न्हाय."

"किती वेळा केलंस?"

तिनं वही उघडून दाखवली. अकरा वेळा. प्रत्येक वेळेपुढं पाच खुणा.

यानंतर मी जे बोलले ते लिहायला मला आवडत नाही, पण लिहिते. मी तिला म्हटलं, "आत्ता काही बोलू नकोस. तुझा प्रबंध होऊ दे. सर तीन वर्षांनी निवृत्त होतील. मग बघू."

संपदानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, जरा नवल वाटल्यासारखं. "पण म्याडम, तवर मला खोटं लिवायला लागंल की."

दुसऱ्या दिवशी बर्फ द्यायच्या निमित्तानं मी सरांच्या प्रयोगशाळेत गेले होते. घोंगड्यात संपदा होती. बाहेर सर हात मागं बांधून उभे होते आणि रोजच्यासारखं विचारत होते, "लागली का?"

"लागली सर."

"हिरवी?"

"हिरवी. पण सर, ह्यात जस्त न्हाय. मी काढून घेतलंय."

आणि मग ही कमी बोलणारी मुलगी घोंगड्याच्या आतून, एका दमात, सगळं बोलली. अकरा वेळा केलं ते, औषध, आंबट खोल्या, सगळं. मला तेव्हा कळलं, की तिनं जागा फार विचार करून निवडली होती. आत सरांचा चेहरा दिसत नव्हता. बाहेरून मला तो दिसत होता. त्यावर काहीच नव्हतं. सर फक्त बेसिनच्या वर बघत होते.

"कंट्रोल?" त्यांनी विचारलं. तुलनेसाठी, काहीच न घालता ठेवलेल्या पेशींना ते कंट्रोल म्हणतात.

"परत्येक वेळी ठेवला. सर, तुमीच म्हणता, दिसलं म्हंजी हाय असं न्हाय."

"बाहेर या आता. गुदमरशीला."

संपदा बाहेर आली. सरांनी तिच्याकडून वही घेतली, काखेत मारली आणि घरी गेले. तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. सर तीनला घरी गेले, ही बातमी पाचपर्यंत सगळ्या आवारात पसरली.

पुढचे तीन दिवस त्यांनी स्वतः सगळं करून बघितलं. कुणाला हात लावू दिला नाही. नळ्याही स्वतः धुतल्या. कुणाशी बोलले नाहीत, माझ्याकडे बर्फसुद्धा खुणेनं मागितला. चौथ्या दिवशी ते दारातून आले आणि एक कागद माझ्यापुढं ठेवला. नियतकालिकाच्या संपादकांना पत्र होतं. आमच्या निबंधातला मुख्य निष्कर्ष चुकीचा आहे, तो मागं घ्यावा, चूक आमची विद्यार्थिनी संपदा हिनं शोधली.

"इंग्रजी तेवढं बगा," सर म्हणाले. "रडगानं वाटाय नको."

विभागप्रमुखांना कळलं तसे ते धावत आले. त्यांचंही काही चूक नव्हतं. "सर, कशाला? कुणी विचारलंय का? बारा वर्षं झाली. विभागाचं नाव आहे, तुमचं नाव आहे."

"हाय ते हाय," सर म्हणाले आणि टाचणी मागितली.

या सगळ्यात संपदाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. तिचा एक चुलतभाऊ याच आवारात शिकतो. त्यानं गावी फोन करून सांगितलं, की संपदानं सरांना खोटं पाडलं, सर चिडून घरी गेले, आता हिची पीएचडी काही होत नाही. दोन दिवसांत वडील आले आणि तिला घेऊन गेले. निपाणीकडचं एक स्थळ आलेलं होतंच.

शनिवारी सर माझ्याकडे आले. "म्याडम, तुमची गाडी हाय न्हवं? उद्या गारगोटीला जायाचंय."

रविवारी सकाळी ते माझ्या दारात उभे होते. अंगात कोट. हा कोट मी आजवर पाहिला नव्हता. तो सरांनाही नवीन असावा, कारण एका खिशाची शिवण अजून उसवलेली नव्हती आणि सर सारखा त्यात हात घालायला बघत होते. मुदाळ तिट्टा येईपर्यंत तेच चाललं होतं.

गिरणी घराच्या पुढच्या अंगालाच होती. संपदाचे वडील, मारुतीराव, पिठानं पांढरे झालेले बाहेर आले. सरांना बघितल्याबरोबर त्यांनी पट्टा बंद केला आणि हात जोडले. "सर, पोरगी आगाव हाय. ल्हान हाय. चुकली. तुमी मनावर घिऊ नगा."

"ती न्हाय चुकली," सर म्हणाले. "मी चुकलोय. बारा वर्सं."

मारुतीरावांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

आम्हाला आत बसवलं. संपदा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. सरांनी तिच्याकडे बघितलंच नाही, ते वडिलांशीच बोलत राहिले. "समजा, मी पोत्यावर लिवलं, ह्यात जोंधळा हाय. सगळ्यांनी वाचलं, जोंधळा हाय. बारा वर्सं. ह्या पोरीनं पोतं उघडून बगितलं. आत गहू."

मारुतीरावांना गिरणीतलं बरोबर समजलं. "मग तुमचीच चूक झाली की."

"व्हय."

"आनि तुमी रागावला न्हाईसा?"

"रागावलो की. तीन दिस. कुनाशी बोललो न्हाय."

"हिच्यावर?"

"न्हाय वो. हिच्यावर कशापायी?"

संपदाची आई चहा घेऊन आली. तिला गहू-जोंधळ्यात रस नव्हता. कप ठेवता ठेवता तिनं विचारलं, "म्हंजी ही पास होनार का न्हाय?"

"होनार. आता नवीन निबंध लिवायचा. हिचं नाव पयलं, माझं खाली."

"आनि निपाणीचं स्थळ?" मारुतीराव म्हणाले.

"ते तुमचं तुमी बगा. पर तिला इचारून बगा." सरांनी चहा संपवला. मग पहिल्यांदा दाराकडे बघून म्हणाले, "संपदाबाई, पेशींचं पानी मी काल बदललंय. सोमवारी तुमची पाळी."

"व्हय सर," संपदा म्हणाली आणि आत गेली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. तिची आई उठून आत गेली.

येताना मारुतीरावांनी जोंधळ्याच्या पिठाची पिशवी दिली. सर ती मांडीवर घेऊन बसले. बिद्रीच्या पुढं दोन्ही बाजूंनी ऊस लागला, तेव्हा मी विचारलं, "सर, वाईट वाटत नाही?"

सरांनी पिशवीचं तोंड सोडलं आणि परत बांधलं.

"त्या निबंधाच्या शेवटी एक टीप हाय," ते म्हणाले. "बारीक अक्षरात. मीच लिवलेली. जस्त काढल्यावर एका नमुन्यात उजेड म्हनावा तसा कमी झाला न्हाय, औषध जुनं असंल. हे मला तवाच खुपत होतं. म्हनून लिवलं. म्हटलं, कोनतरी वाचंल आनि इचारंल. वरीसभर वाट बगितली. रोज सकाळी टपाल बगायचो. आमच्या निबंधाचं नाव लोकांनी किती ठिकानी घातलं. पर टीप कुनी इचारली न्हाय. मग मीबी इसरलो."

मी गाडी चालवत राहिले.

"पोरीच्या वहीत पयल्या पानावर काय हाय म्हाईत हाय? ती टीप. जशीच्या तशी उतरून काढलीय. आनि खाली लिवलंय, 'का?'" सरांनी पिशवीचं तोंड पुन्हा एकदा घट्ट बांधलं. "तीन रात्री मी घरात तेवढं एकच पान बगत बसलोतो. बारा वर्सांनी कुनीतरी वाचलं वो म्याडम. शेवटपतूर वाचलं."

ते खिडकीबाहेर बघायला लागले. मी रस्त्याकडे बघत राहिले, त्यांच्याकडे बघितलं नाही. राजारामपुरीत उतरताना "बराय" म्हणाले, आणि पिठाची पिशवी माझ्याच गाडीत विसरले.

सोमवारी संपदा आली. तो आठवडा नेहमीसारखाच गेला. शुक्रवारी दुपारी भिंतीतल्या दारातून सर आले. मी न विचारता बर्फाचं भांडं पुढं केलं. त्यांना बर्फ नको होता. त्यांच्या हातात कसलीतरी झेरॉक्स होती, समासात पेन्सिलीच्या खुणा.

"तुमचा निबंध वाचला," ते म्हणाले. "त्यो नेच्यावरचा. गगनबावड्याच्या."

फर्नच्या जातींवरचा तो निबंध नऊ वर्षांपूर्वीचा. छापून आल्यावर मीसुद्धा तो पुन्हा उघडला नव्हता.

"ग्रंथालयात मिळाला. लई चांगला हाय. दोन बैठकीत वाचला. मला त्यातलं समदं कळलं न्हाय, पर कळलं तेवढं चांगलं हाय." त्यांनी कागद माझ्यापुढं ठेवला आणि पेन्सिलीचं टोक एका जागी टेकवलं. "पान चार. तक्त्यातली तिसरी ओळ बगा. बेरीज चुकलीय."

मी चष्मा लावला आणि तिसरी ओळ तपासली. दोनदा तपासली. बेरीज चुकलेलीच होती.

मी समोरचं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं आणि म्हटलं, "बसा सर. आणखी काय काय सापडलं ते सांगा."